मजुरांच्या अनुदानाची संगणक-वही

उन्हाळ्यांत आपल्यापैकीं कित्येक शेतकरी शहरांत इमारतींच्या कामावर जातात. १९९६ च्या केंद्रीय कायद्यानें, मागील बारा महिन्यांत ९० दिवस असें काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या मजुरास कल्याण मंडळाकडे नोंदणीचा हक्क दिला. साहाय्यासाठीं वेगळ्या कायद्यानें बांधकामखर्चावर उपकरही बसविण्यांत आला. परंतु दाखला हरवला वा नूतनीकरण चुकलें, कीं पदरीं कांहींच पडत नाहीं. मजूर संघानें अनुदानांसाठीं संगणकप्रणाली करविल्यास तींत प्रथम तीन रकाने असावेत: अर्ज कोणाकडे आहे, केव्हांपासून आहे व कोणत्या त्रुटीमुळें अडला आहे. मुदत संपण्यापूर्वीं मजुरास भ्रमणध्वनीवर सूचना जावी. महसुली दफ्तरांत आयुष्य घालविल्यावर एवढें उमगलें, कीं अर्ज नामंजूर होण्यापेक्षां तो निमूट पडून राहण्यानेंच गरिबाचें अधिक नुकसान होतें.