उंदराच्या लाळेत नोबेल

हळदीच्या पोत्यांमागे उंदीर पळाला की आपण पिंजरा शोधतो. पण त्याच्या लाळग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारख्या आहेत. (मुलं नाक मुरडतात, मुरडू द्या.)

कानाजवळच्या ग्रंथीच्या पेशी गडद, दाणेदार, केंद्रक गोल. त्यांचा लुआब पातळ. जिभेखालच्या बहुतेक पेशी फिकट, केंद्रक तळाशी चपटं, लाळ चिकट. इथपर्यंत माणसासारखंच.

जबड्याखालच्या ग्रंथीत मात्र उंदराला दाणेदार, वळणदार नळ्या असतात. माणसाला त्या नसतात, म्हणून उंदरावरून आपला अंदाज जपूनच बांधावा. घरातल्या छोट्या उंदरात तर नराच्या नळ्या मादीपेक्षा मोठ्या. याच ग्रंथीत स्टॅनली कोहेन यांना चेतापेशी वाढवणारं प्रथिन भरपूर मिळालं. सोबत आणखी एक सापडलं: ते टोचलं की पिल्लांचे डोळे लवकर उघडायचे! १९८६ चं नोबेल त्यांना आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना याच वाढीच्या प्रथिनांसाठी मिळालं.