वारा पडला, तरी धोका टळत नाही

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने कौले, पत्रे उडाले, नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. त्या दिवसांत माझ्याकडे आलेल्या जखमींपैकी बरेच जण वादळात नव्हे, तर वादळानंतर जखमी झाले होते. कुणी छपरावरून पडलेला, कुणाच्या पायात खिळा गेलेला, तर कुणाला झाड तोडताना कोयता लागलेला.

अरबी समुद्रात चक्रीवादळे मुख्यतः मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. ‘फयान’ नोव्हेंबर २००९ मध्ये आले, ‘तौक्ते’ मे २०२१ मध्ये. म्हणून पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना सावध असावे.

वादळापूर्वी : हवामान खात्याचा इशारा बहुधा एक-दोन दिवस आधी मिळतो. तेवढ्या वेळात रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट्स यांची औषधे किमान पंधरा दिवसांची आणून ठेवावीत. औषधाच्या चिठ्ठ्या, रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावे. पिण्याचे पाणी भरून झाकावे, बॅटरी तपासावी, मोबाईल चार्ज करावा. दिवस भरत आलेली गर्भवती, डायलिसिसचा रुग्ण यांना रस्ते बंद होण्याआधीच रुग्णालयाजवळ हलवावे. घर कच्चे असेल तर शाळेत किंवा निवारा केंद्रात जाण्यात कमीपणा मानू नये.

इन्शुलिनचे काय, असे रुग्ण नेहमी विचारतात. वापरात असलेली बाटली थंड जागी साधारण चार आठवडे चालते. वीज गेली तर ती डबीत घालून, मातीच्या मडक्यात ओल्या फडक्याशेजारी ठेवावी. पाण्यात बुडवू नये, बर्फालाही टेकवू नये.

वादळात : खिडक्यांपासून दूर, घरातल्या सर्वांत भक्कम खोलीत बसावे. मेन स्विच व गॅस बंद करावा. मध्येच वारा एकदम थांबला तर बाहेर धावू नये. तो वादळाचा डोळा असू शकतो; थोड्याच वेळात उलट्या दिशेने तितकाच जोराचा वारा सुटतो. जनरेटर घरात किंवा पडवीत चालवू नये, बंद खोलीत शेगडीही पेटवू नये. त्यांच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस दगावतो.

वादळानंतर : पावसाची दुसरी सर येण्याआधी छप्पर झाकायची घाई मी समजू शकतो. परंतु सिमेंटचा ओला पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. एकट्याने चढू नये, कमरेला दोर बांधावा आणि पाय पत्र्यावर नव्हे, खालच्या वाशाच्या रेषेत फळी टाकून तिच्यावर ठेवावा. कुणी पडलाच तर त्याला उठवून बसवू नये. मान व पाठ न हलवता फळीवरून न्यावे.

पडलेली तार बंदच असेल असे धरून चालू नये. ढिगारा उपसताना बूट घालावेत, कारण बिळांत पाणी शिरल्याने साप बाहेर पडलेले असतात. साप चावल्यास दोरी आवळू नये, जखम कापू नये. अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठावे. खिळा-पत्र्याची जखम साबणाने धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

विहिरीत टीसीएल पावडर टाकल्याची खात्री करावी, तरीही पाणी उकळूनच प्यावे. जुलाब झाल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून देत राहावे. चिखलात काम केल्यावर ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी. त्यावर वेळीच दिलेले औषध गुणकारी ठरते. ‘साधा ताप’ म्हणून चार दिवस काढले तर मूत्रपिंडावर बेतते.

म्हातारी माणसे रात्री दचकून उठतात, मुले वाऱ्याच्या आवाजाने रडतात. हे काही आठवडे चालणे स्वाभाविक आहे. त्यांना ओरडू नये, जवळ बसावे.

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती कक्षासाठी १०७७ हे क्रमांक आजच भिंतीवर लिहून ठेवा. छप्पर दोन दिवस उशिरा शाकारले तरी चालेल, घरचा माणूस मात्र धडधाकट राहिला पाहिजे.