विनयपिटकातील कुटज

उन्हाळ्यात नवेगावबांध-नागझिऱ्याच्या जंगलात कुड्याची झुडपे पांढऱ्या, सुगंधी फुलांनी भरून जातात. हाच पालीतील ‘कुटज’. महावग्गाच्या भेसज्ज-खंधकात तथागतांनी आजारी भिक्खूंना ज्या कडू काढ्यांची अनुज्ञा दिली, त्यांत कडुनिंबासोबत कुटजाचेही नाव आहे. त्याच महावग्गात पोटाच्या विकाराने स्वतःच्या विष्ठेत पडलेल्या, सोबत्यांनी टाकून दिलेल्या एका भिक्खूची हकीकत येते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन बिछान्यावर निजविले. औषधापासून शुश्रूषा वेगळी करणे आम्हांस जमत नाही, ते यामुळे.

कुड्याची साल आणि ‘इंद्रजव’ म्हणजे त्याच्या बिया आयुर्वेदात आव व अतिसारावर देतात. सालीतील कोनेसीन हे अल्कलॉइड आवेच्या अमीबाला मारक आहे. मात्र काळा कुडा वेगळा. कुळ तेच, प्रजाती दुसरी. त्याच्या फुलात झालर असते, जोडशेंगांची टोके बहुधा चिकटलेली असतात आणि बी फारसे कडू नसते. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा टोकाशी सुट्या असतात. या दोन सालींच्या भेसळीने युरोपात एके काळी या औषधाची पत गेली. केवळ नावावर विसंबू नये, हे कालामांना दिलेल्या उपदेशाशी जुळणारेच आहे.

पावसाळ्यात वसतिगृहातील मुलाला जुलाब झाल्यास आम्ही काढा उकळीत नाही. आधी ओआरएस, आणि रक्त पडल्यास किंवा मूल मलूल झाल्यास विनाविलंब दवाखाना. रात्रभर उशाशी मात्र कोणीतरी बसलेले असते.