युरोला शंभरनं गुणण्याआधी

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सुरुवातीला १० हजार तरुणांना पाठवायचं ठरलं. तेव्हापासून नर्सिंग किंवा आयटीआय केलेलं लेकरू ज्या घरात आहे, तिथं जर्मनीचा विषय निघतो. सांगली जिल्ह्यातल्या आपल्या कवठे महांकाळ तालुक्याला बाहेर जाणं नवं नाही. दुष्काळानं जिल्ह्याच्या पूर्वेकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगवली. पण तेव्हा रुपया तिथंही रुपयाच होता. आता दोन देशांतलं जगणं ताडून बघायचं आहे, आणि हिशेब चुकला तर त्यावर काढलेलं कर्ज आई-बापाला फेडावं लागतं. म्हणून नेहमी कानावर येणारे काही समज तपासून घेऊ.

गैरसमज : पगाराला शंभरनं गुणलं की कमाई कळते.
वस्तुस्थिती : जर्मनीत जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. आठवड्याला ४० तास धरले, तर महिन्याला सुमारे २,४०० युरो होतात. कर, पेन्शन, आरोग्यविमा, बेकारी विमा कापून एकट्या माणसाच्या हातात सतराशेच्या आसपास येतात. घरभाडं, वीज, प्रवास, जेवण सगळं त्यातूनच. शिवाय बाजारात युरो शंभर रुपयांच्या घरात असला, तरी तिथं एका युरोत जेवढं मिळतं तेवढं आपल्याकडे साधारण तीस रुपयांत मिळतं. तेव्हा तिथं खर्च होणाऱ्या युरोला तीसनं गुणा. शंभरनं गुणायचा तो फक्त शिल्लक राहून गावी येणारा युरो.

गैरसमज : तिथं दवाखाना फुकट असतो.
वस्तुस्थिती : फुकट नाही, आधीच भरलेला असतो. आरोग्यविमा सक्तीचा आहे. पगाराचा ठरावीक हिस्सा कामगार भरतो आणि जवळपास तेवढाच मालक भरतो. दवाखान्यात दाखल झालं तर दिवसाला १० युरो द्यावे लागतात, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस. तज्ज्ञ डॉक्टरची वेळ मिळायला कधीकधी आठवडे लागतात. पण खरा फरक पुढे आहे. नोकरीत चार आठवडे झाल्यावर माणूस आजारी पडला, तर सहा आठवड्यांपर्यंत मालक पूर्ण पगार देतो. आपल्याकडे महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ठरावीक मोठ्या उपचारांना आधार मिळतो. पण तापानं फणफणलेल्या मजुराचा बुडालेला रोज कोण भरून देतं?

गैरसमज : तिथं शिक्षण सगळीकडे मोफत.
वस्तुस्थिती : सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यं शिक्षणशुल्क घेत नाहीत, हे खरं. पण ज्या बाडेन-व्युर्टेंबर्गशी आपला करार झाला, तेच राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सहामाहीला १,५०० युरो घेतं. उलट नर्सिंगसारख्या कामात प्रशिक्षण घेताना महिन्याला वेतन मिळतं. मात्र तिथं शिकायचं आणि रुग्णाशी बोलायचं ते जर्मनमध्ये. भाषेत घातलेले महिने हीसुद्धा गुंतवणूकच आहे.

गैरसमज : निर्देशांकात वर असलेल्या देशात प्रत्येकाचं जगणं चांगलं.
वस्तुस्थिती : संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या मानव विकास अहवालात १९३ देशांत जर्मनी ५ वी आणि भारत १३० वा आहे. सरासरी आयुर्मान तिथं ८१ वर्षं, इथं ७२. ही दरी खरी आहे, ती नाकारू नये. पण हा निर्देशांक आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तीनच गोष्टी मोजतो, तेही अख्ख्या देशाची सरासरी धरून. डिसेंबरात दुपारी साडेचारलाच मावळणारा दिवस, आपल्या भाषेत बोलायला कुणी नसलेली संध्याकाळ, गावी आजारी पडलेल्या आईच्या उशाशी कोण, हे त्यात कुठंच येत नाही. ते ज्याचं त्यानं मोजायचं.

गैरसमज : तिथली माणसंच वेगळी, आपल्याकडे काही बदलायचं नाही.
वस्तुस्थिती : हा समज सगळ्यात घातक, आणि तो खोटा आहे हे या तालुक्याइतकं कुणाला ठाऊक असणार? टँकरच्या पाण्यावर द्राक्षबागा जगवलेल्या या मुलखात म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून चढावर आणलं. माणसं तीच राहिली, माती तीच राहिली, सोय बदलली. त्या उपशाच्या वीजबिलाचे ८१ टक्के सरकारनं आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचं सूत्र ठरलं. जर्मनीतला आरोग्यविमाही याच रीतीनं चालतो. सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं, आणि ज्याला गरज त्याला मिळायचं.

जो जाईल त्यानं पगाराच्या आकड्याशेजारी आजारपण, रजा, भाषा आणि आई-बाप हे रकाने मांडून जावं. जो राहील त्यानं पाणीपट्टी भरताना ध्यानात ठेवावं की, त्या देशाचा ज्या गोष्टीसाठी हेवा वाटतो, तिची सुरुवात आपल्या शिवारात झालेली आहे. आता हेच दवाखान्याच्या आणि शाळेच्या बाबतीत मागायचं आहे.