कान बरा झाला, मग स्कॅन कशाला?

"कान कोरडा झाला, दुखतही नाही. मग स्कॅनसाठी पुन्हा सुट्टी कशाला काढायची हो?" हिंजवडीतल्या आमच्या शेजारच्या वहिनी लेकाची फाइल हातात घेऊन विचारत होत्या. त्यांचंही काय चुकलं?

पण कोलेस्टिएटोमा हा आजारच लबाड! मधल्या कानात कातडी वाढते आणि ऐकण्याची नाजूक हाडं पोखरते. ऑपरेशननंतर तिचा कणभर अंश मागे राहिला, तर तो पडद्याआड गुपचूप वाढतो. मुलांमध्ये ही भीती जास्त. पूर्वी तो शोधायला साधारण वर्षभराने कान पुन्हा उघडावा लागे. आता 'डिफ्यूजन' पद्धतीच्या एमआरआयमुळे अनेक मुलांचं हे दुसरं ऑपरेशन टळतं. त्यात क्ष-किरणही नसतात. मात्र ३ मिलिमीटरपेक्षा लहान अंश निसटू शकतो, म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी डॉक्टर काही काळाने पुन्हा बोलावतात.

मशीनचा आवाज मोठा असतो, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. अगदी लहानग्यांना गुंगी द्यावी लागू शकते. कानात काही बसवलेलं असेल, तर तेही आधीच सांगा.

वहिनींनी तारीख घेतली. तुमच्या फाइलमधली तारीख बघितलीत ना?