खिशातली हत्यारं: जोडी कशी जमवावी

दिवसभरात हाताशी एखादं हत्यार हवं होतं असं वाटायला लावणारी कामं अगदी किरकोळ असतात. कुरिअरच्या खोक्यावरची चिकटपट्टी, शर्टाचा लोंबणारा दोरा, बोटात गेलेलं कुसळ, गाडीच्या आरशाचा ढिला स्क्रू, डब्याबरोबर आणलेला पेरू. यातल्या प्रत्येक कामाचं साधन घरात असतं, पण काम निघतं तेव्हा आपण घरी नसतो. खिशात काय ठेवायचं याचा विचार या कामांपासून सुरू व्हायला हवा. बहुतेकांचा तो दुकानातल्या काचेच्या कपाटापासून सुरू होतो. सगळ्यात जास्त पाती असलेला नग डोळ्यात भरतो, खिशात जड होतो आणि महिन्याभरात ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो.

माझं सांगणं साधं आहे. एकाच हत्याराकडून सगळ्याची अपेक्षा करू नये. दोन बाळगावीत, आणि दुसरं निवडताना पहिल्यात काय नाही एवढंच पाहावं. कोकणातला बागायतदार आकडीला कोयता लावून बागेत जातो, पण सुपारी कातरायला अडकित्ताच घेतो.

खरेदीच्या आधी पंधरा दिवस एक यादी करा. कुठलंही काम अडलं की फोनमध्ये एक ओळ लिहून ठेवायची: काय अडलं आणि कुठे. मग त्या ओळींचे तीन ढीग करा. कापायची कामं, धरून ओढायची किंवा पिळायची कामं, आणि स्क्रू फिरवायची कामं. शहरात नोकरी करणाऱ्याचा कापण्याचा ढीग जवळजवळ नेहमीच मोठा निघतो. त्यातही अर्ध्याअधिक ठिकाणी चाकूपेक्षा कात्री बरी पडली असती असं दिसतं. दोरा, औषधाची पट्टी, बिस्किटाचा पुडा, चिकटपट्टीचं टोक ही सगळी कात्रीची कामं आहेत. रोज मोटरसायकलवर फिरणाऱ्याचा किंवा साइटवर काम करणाऱ्याचा ढीग वेगळा असतो. त्यात पक्कड वर येते.

आता बाजारात मिळणारी दोन मुख्य घराणी पाहू. स्वित्झर्लंडमधल्या ईबाख गावात कार्ल एल्सनर यांनी 1884 मध्ये सुऱ्या-चाकूंचा कारखाना काढला. 1891 पासून ते स्विस सैन्याला घडीचे चाकू पुरवू लागले. सैनिकाला त्या चाकूने दोन गोष्टी करायच्या होत्या: डबाबंद अन्नाचा डबा उघडणं आणि नव्या रायफलचे स्क्रू काढणं. म्हणून त्यात पातं, टोचा, डबा उघडायचं हत्यार आणि चपटा स्क्रूड्रायव्हर एवढंच होतं. 1897 मध्ये एल्सनर यांनी अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला. त्यात पाठीकडच्या एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची हत्यारं बसवली होती. त्यांच्या कारखान्याचा आजचा लाल व्हिक्टोरिनॉक्स चाकू याच कल्पनेवर चालतो.

दुसरं घराणं अमेरिकेचं. टिम लेदरमन हा तरुण मेकॅनिकल इंजिनिअर 1975 मध्ये बायकोबरोबर जुन्या फियाट गाडीतून युरोपभर फिरत होता. गाडी सारखी बिघडायची आणि स्वस्त हॉटेलांचे नळ गळायचे. खिशातल्या घडीच्या चाकूने बरंच काही व्हायचं, पण धरायला पक्कड नव्हती. त्याने पुठ्ठ्याचे नमुने करण्यापासून सुरुवात केली. 1980 मध्ये पेटंट मिळालं आणि 1983 मध्ये पहिलं हत्यार विक्रीला आलं.

या दोन गोष्टींतून जोडीचं सूत्र निघतं. स्विस चाकू म्हणजे आधी चाकू, मग त्याला जोडलेली बाकीची अवजारं. लेदरमन म्हणजे आधी पक्कड, मग तिच्या दांड्यांत दडवलेली बाकीची अवजारं. प्रत्येकाचं मुख्य काम झकास होतं. पुढची कामं भागतात, पण जरा अवघडून. म्हणून या दोन घराण्यांतला एकेक नग घेतला तर जोडी सहसा जमते. मात्र दोन्ही मोठे घेतले की घोटाळा होतो. लेदरमनचं ‘वेव्ह’ घ्या. त्यात कात्री आहे, करवत आहे, कानस आहे, डबा उघडायचं हत्यार आहे. त्याच्याबरोबर स्विसचा ‘हंट्समन’ ठेवला तर कात्री, करवत, डबा उघडणं हे सगळं दुसऱ्यांदा आलं, आणि वजन दोन्ही खिशांत वाटलं गेलं.

स्विस चाकूची जाडी कशी वाढते ते एकदा समजून घ्या, म्हणजे दुकानात गोंधळ होत नाही. नेहमीचा आकार 91 मिलिमीटर लांबीचा. त्याची रचना थरांची असते. दोन पत्र्यांच्या मधल्या एका थरात पाठीला एक स्प्रिंग आणि तिच्या दोन टोकांना एकेक हत्यार. ‘स्पार्टन’मध्ये असे दोन थर आहेत: एकात मोठं आणि लहान पातं, दुसऱ्यात डबा आणि बाटली उघडायची हत्यारं. त्यात कात्रीचा थर घातला की ‘क्लायंबर’ होतो. करवतीचा आणखी एक थर घातला की ‘हंट्समन’. म्हणजे प्रत्येक वेळी तुम्ही विचारायचा प्रश्न एकच: हा थर माझ्या यादीतल्या कुठल्या ओळीसाठी आहे? शहरात राहणाऱ्याला करवतीचा थर क्वचितच लागतो. कात्रीचा मात्र मी कधीही सोडणार नाही.

लहान हत्यारांतही बारकावे आहेत. डबा उघडायच्या हत्याराचं टोक पाहा. आकडीच्या पुढे एक चपटं, अरुंद टोक काढलेलं असतं. ते स्टार स्क्रूच्या खाचेत तिरकं बसतं आणि बॅटरीच्या झाकणाचे, चष्म्याच्या स्क्रूंपेक्षा थोडे मोठे असे स्क्रू सहज फिरवतं. डबा उघडताना ही आकडी कडेखाली अडकवून हत्यार वर उचलायचं आणि पुढे सरकत जायचं. अनेक जण सवयीने मागे ओढतात आणि हत्यारच वाईट म्हणतात.

या चाकूंचं पातं उघडल्यावर कुलूपबंद होत नाही, हे नीट लक्षात ठेवायला हवं. स्प्रिंगच्या दाबाने ते फक्त जागेवर राहतं. कापताना जोर धारेच्या बाजूने येतो, त्यामुळे पातं आणखी घट्ट बसतं. टोकाने भोसकायला गेलात किंवा पाठीवर दाब आला, तर तेच पातं बोटांवर मिटतं. ज्यांना भोकं पाडायची, टोक खुपसायची कामं पडतात त्यांनी खटक्याचं पातं पाहावं. लाइनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पोलादी पट्टी सरकून पात्याच्या बुडाला आडवी येते. मिटताना ती अंगठ्याने बाजूला सारायची. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूत 1955 पासून एक फिरती कडी आहे. पातं उघडलं की कडी फिरवायची, तिची फट बंद होते आणि पातं अडतं. यंत्रणा इतकी उघडी आहे की लहान मूलही पाहून समजेल. बटण दाबताच पातं उडून बाहेर येणारे चाकू या कामाचे नाहीत. पोलिसांनी विचारलं तर ते घरगुती अवजार आहे असं पटवणंही कठीण.

पक्कडवाल्या हत्यारात पातं असतंच, मग वेगळा चाकू कशाला, असं विचारलं जातं. दोन कारणं आहेत. पहिलं मुठीचं. पकडीचे दांडे घडी घातल्यावर रुंद, चौकोनी होतात, पातं एका कडेला राहतं, आणि सफरचंद सोलताना हात वेडावाकडा धरावा लागतो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: स्वच्छता. ज्या हत्याराने सायकलची चेन धरली, गंजकी तार तोडली, त्याच्या सांध्यांत ग्रीस आणि लोखंडाचा कीस जातो. तो पुसून निघत नाही. त्याच पात्याने काकडी चिरू नये. म्हणून जोडीत एक पातं खाण्याचं आणि एक बाकीच्या कामांचं, ही वाटणी पहिल्या दिवसापासून ठरवून टाका आणि मोडू नका.

आता वजन. ‘वेव्ह’ सुमारे 240 ग्रॅमचं, म्हणजे बऱ्याच मोबाइल फोनपेक्षा जड. पँटच्या खिशात ते दिवसभर मांडीवर आपटतं. ते बॅगेत किंवा गाडीच्या डिकीत शोभतं. ‘स्केलेटूल’ सुमारे 140 ग्रॅमचं: पक्कड, एक पातं, बदलता येणारं स्क्रूड्रायव्हरचं टोक, बाटली उघडायची आकडी आणि खिशाला अडकवायची क्लिप. त्यात कात्री नाही, चिमटा नाही. नेमकं तेवढंच स्विसच्या 58 मिलिमीटरच्या ‘क्लासिक’मध्ये आहे: छोटं पातं, कात्री, कानस, चिमटा आणि टूथपिक, वजन वीस ग्रॅमच्या आसपास. किल्ल्यांच्या जुडग्यात ते असल्याचं कळतही नाही. शहरात राहून दुचाकीवर फिरणाऱ्याला मी हीच जोडी सुचवीन. ऑफिसात बसून काम करणाऱ्याने पक्कड बॅगेत ठेवावी, खिशात ‘क्लासिक’ पुरे. ज्यांच्याकडे आधीच ‘वेव्ह’ आहे त्यांनी दुसरा स्विस न घेता साधा एकपाती चाकू घ्यावा, फक्त फळं-भाजीसाठी. रविवारी राजमाची किंवा हरिश्चंद्रगडाच्या वाटेला जाणाऱ्याला 8 नंबरचं ओपिनेल छान पडतं. पातं साडेआठ सेंटीमीटरचं, मूठ लाकडाची, आणि कांदा चिरताना हातात खरी सुरी असल्यासारखं वाटतं.

पकडीबद्दल दोन इशारे. तिचे दांडे उघड्या धातूचे असतात, त्यांवर वीजरोधक आवरण नसतं. आपल्या घरातला 230 व्होल्टचा बोर्ड उघडायचा असेल तर आधी मेन स्विच बंद करा, आणि तरीही टेस्टरने पाहा. दुसरं, पक्कड म्हणजे पाना नव्हे. घट्ट नट तिच्याने फिरवला की कोपरे झिजून गोल होतात आणि मग मेकॅनिकच्या पान्यालाही तो दाद देत नाही. स्क्रूंचंही असंच. जपानी बनावटीच्या मोटरसायकलींवर दिसायला स्टार वाटणारे काही स्क्रू वेगळ्या मापाचे असतात; त्यांच्या डोक्यावर बऱ्याचदा एक बारीक ठिपका असतो. साध्या स्टार टोकाने जोर लावला की टोक वर उसळतं आणि खाच खराब होते. तिथे टोक घट्ट दाबून धरावं, घसरतंय असं वाटताच थांबावं.

दुकानात हत्यार हातात घेतल्यावर काय पाहायचं? पक्कड मिटून उजेडासमोर धरा. जबड्याच्या टोकाशी उजेडाची रेघ दिसता कामा नये. टोकं जुळत नसतील तर ती कुसळही धरणार नाही. मग पातं उघडून डावी-उजवीकडे हलवा. थोडीशी लवचीकता चालेल, खुळखुळ नको. पातं मिटताना स्प्रिंगचा ताण शेवटपर्यंत जाणवला पाहिजे. कात्रीने पातळ प्लॅस्टिकची पिशवी कापून पाहा. कागद कुठलीही कात्री कापते, पिशवी मात्र वाईट कात्रीच्या पात्यांमध्ये दुमडून बसते. नाव नसलेल्या स्वस्त नगांत तीस हत्यारं मिळतात, पण जबडा पहिल्याच जोरात वाकतो. त्या पैशांत एक साधा, चांगल्या पोलादाचा चाकू येतो, तोच घ्यावा.

जोडी ठरली की ती कुठे चालत नाही हेही माहीत हवं. विमानाच्या केबिनमध्ये चाकू नेता येत नाही. चेक-इनच्या बॅगेत टाकावा. जुडग्यातला ‘क्लासिक’ लोक हमखास विसरतात आणि तो तपासणीच्या टेबलावरच राहतो. मेट्रो, न्यायालयं, मॉल इथेही अडवतात. भारताच्या शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि घरगुती, शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलेलं आहे, त्यामुळे खिशातला चाकू त्या मापात येत नाही. पण महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट आहे. सणवार, निवडणुका, आंदोलनं अशा वेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात. त्यात शस्त्रं, लाठ्यांबरोबर सुरेही असतात. वर्तमानपत्रात असा आदेश दिसला की त्या काळापुरतं पातं घरी ठेवावं. कात्री-चिमट्याची सोय हवीच असेल तर पातं नसलेला ‘जेटसेटर’ हा 58 मिलिमीटरचा स्विस नग मिळतो.

राहिली निगा. आपल्याकडच्या पावसाळ्यात खिशातला घाम आणि दमट हवा मिळून सांधे आवळतात. कोमट पाण्यात बुडवून सगळी पाती काही वेळा उघडझाक करा, पूर्ण वाळवा आणि प्रत्येक सांध्यात तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल वापरू नये. थंडीत ते थिजतं आणि कालांतराने चिकट होतं. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन बरं, खाण्याच्या पात्यालाही चालतं. कार्बन पोलादाचं पातं लिंबू, चिंच, कांदा यांनी काळं पडतं, तसं आपल्या विळीचंही पडतं. त्यात बिघाड काही नाही, मात्र ओलं मिटून ठेवलं तर गंज खराच चढतो. ज्याला हे सांभाळायचं नाही त्याने स्टेनलेस घ्यावं.

धार बोथट झाली की सायकलच्या चाकावर दगड फिरवणाऱ्याकडे हे पातं देऊ नका. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या दगडावर पातळ धार क्षणात तापते, निळसर होते आणि पोलादाचं पाणी उतरतं. मग कितीही घासलं तरी धार टिकत नाही. घरी बारीक दगड पाण्याने भिजवा, पातं दगडाशी 15 ते 20 अंशांत धरा, म्हणजे पाठ थोडीशीच उचललेली, आणि दोन्ही बाजू सारख्या वेळा, हलक्या हाताने घासा. शेवटी वर्तमानपत्राचा सुटा कागद हातात उभा धरून कापून पाहा. धार फाटक्या कडा न ठेवता कागदातून उतरली की काम झालं. कुठे अडली तर पात्याचा तेवढाच भाग पुन्हा दगडावर घ्या.