मैदानावरही लक्ष असू द्या

मुलगा क्रिकेटला, मुलगी कराटेला गेली की आपण निर्धास्त होतो. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्यावरही पालकांचा असाच भरवसा होता. उपचाराच्या नावाखाली त्याने वर्षानुवर्षे मुलींचे शोषण केले; कधी तर आई खोलीत असताना. काहींनी आधीच तक्रार केली होती, पण कोणी ऐकले नाही. २०१८ मध्ये दीडशेहून अधिक जणींनी न्यायालयात आपबीती मांडली.

म्हणून आपण अम्मी-अब्बूंनी ठरवू या: सरांचे मुलांना खासगी मेसेज नकोत, बंद खोलीत मालिश नको, स्पर्धेच्या गावी सरांच्या खोलीत मुक्काम नको. मूल अचानक ‘जायचं नाही’ म्हणाले, तर रागावण्याआधी विचारू या. इज्जतीपायी गप्प राहू नये. पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. १०९८ हा मदतीचा क्रमांक मुलांकडून पाठ करून घेऊ या.